जुन्या ब्रिटिश इमारती कशा बांधल्या गेल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात सिव्हिल केलं आणि गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे. ओळखीतले, ओळखीतल्यांच्या ओळखीतले, फिरायला येणारे, इथे घर घेणारे, सगळे मिळून तेच तेच प्रश्न पाठवतात आणि मी दर वेळी फोनवर तेच तेच टाइप करत बसतो, म्हणून एकदाचं एका जागी लिहून काढलंय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. ज्यांना फक्त घराचं बघायचंय त्यांनी डायरेक्ट प्र. १३ वर जा.

कुठलीही जुनी इमारत बघताना मी दोन गोष्टी शोधतो. वजन कुठून खाली उतरतंय आणि पावसाचं पाणी कुठून बाहेर पडतंय. खालची बहुतेक उत्तरं या दोन गोष्टींपाशीच येतात.

प्र. १. इमारत कुठल्या काळातली आहे ते नुसतं बघून कसं ओळखायचं?

कमानीपासून सुरुवात करा. कमान अर्धगोल, भिंत जाडजूड आणि खिडक्या बारक्या असतील तर नॉर्मन, म्हणजे १०६६ नंतरची साधारण सव्वाशे वर्षं. कमान टोकदार झाली की गॉथिक, ते ११७० च्या सुमारास सुरू होतं आणि १५०० च्या पुढेपर्यंत चालतं, आणि जसजसं पुढे याल तसतशी काच वाढत जाते, भिंत कमी होत जाते. चपटी टोकदार कमान आणि विटांच्या नक्षीदार चिमण्या दिसल्या तर ट्यूडर, म्हणजे साधारण सोळावं शतक. समोरून डावी-उजवी बाजू अगदी सारखी, वर-खाली सरकणाऱ्या खिडक्या आणि वरच्या मजल्यावर जाताना लहान होत जाणाऱ्या, असं असेल तर बहुतेक जॉर्जियन, म्हणजे साधारण १७१४ ते १८३०. पुढे आलेली बे विंडो, रंगीत विटांचे पट्टे आणि वेल्सच्या स्लेटचं (पातळ दगडी पाट्यांचं) छप्पर म्हणजे व्हिक्टोरियन (१८३७ ते १९०१), कारण रेल्वे आल्यावरच ती स्लेट देशभर स्वस्तात पोचली.

पण यात फसायला होतं, कारण व्हिक्टोरियन लोकांनी या सगळ्या जुन्या स्टाइल परत वापरल्या. लंडनचं पार्लमेंट बघून लोक हमखास मध्ययुगीन म्हणतात, पण ते १८३४ च्या आगीनंतर चार्ल्स बॅरी आणि पुगिन यांनी उभं केलेलं आहे आणि नदीकाठी खाली काँक्रीटचा जाड थर आहे. म्हणून दुरून कमान बघा आणि जवळ जाऊन दगडावरच्या हत्याराच्या खुणा बघा. हाताने टाकी मारलेल्या दगडावर तिरक्या, असमान रेघा असतात, गवंडी बदलला की रेघेचा कोनही बदलतो.

प्र. २. नॉर्मन किल्ल्यांच्या भिंती एवढ्या जाड का? फक्त लढाईसाठी?

लढाईसाठी होत्याच, पण ते एकच कारण नाही. ती भिंत आरपार घडीव दगडाची नसते. बाहेर आणि आत घडीव किंवा निवडक दगडाची एकेक कातडी आणि मधे दगडगोटे आणि चुना ओतून भरलेला गाभा, असं असतं. चुना आत सावकाश पकडतो, म्हणजे बांधताना गाभा बराच काळ कच्चाच असणार, तर मग सुरक्षित राहायचं तर जाडी हाच उपाय. लंडन टॉवरमधला व्हाइट टॉवर १०७० च्या दशकात सुरू झाला, तळाशी भिंत साधारण साडेचार मीटर जाड आहे आणि उंची २७ मीटर. केंटमधला ओबडधोबड दगड भरायला आणि कडांना फ्रान्समधल्या कान (Caen) गावाहून बोटीने आणलेला मऊ दगड. आज बाहेरून जो गोरा दगड दिसतो त्यातला बराच मात्र नंतरच्या दुरुस्त्यांमधला पोर्टलंडचा आहे, कानचा झिजला.

प्र. ३. टोकदार कमान ही फॅशन होती की काही इंजिनिअरिंग कारण होतं?

कारण होतं. अर्धगोल कमानीत उंची रुंदीला बांधलेली असते, रुंदीच्या निम्मी, संपलं. आता चौकोनी दालन झाकायचं तर ठीक आहे पण आयताकृती झाकायचं तर लांब बाजूची कमान उंच आणि आखूड बाजूची बुटकी होते, वरचं छत जुळता जुळत नाही. टोकदार कमानीत रुंदी काहीही असो, टोक हवं तेवढ्या उंचीला नेता येतं. शिवाय ती पायथ्याशी बाहेर कमी रेटते, आणि दगडी बांधकामात हा बाहेरचा रेटाच खरा शत्रू आहे. दगड दाबायला कितीही दाबा, ओढ सोसत नाही.

हे टप्प्याटप्प्याने कसं शिकले ते बघायचं असेल तर डरमला जा. डरम कॅथेड्रल १०९३ ते ११३३ मधलं, खालचे खांब अजून नॉर्मन, हत्तीच्या पायासारखे, त्यांच्यावर चौकटी आणि नागमोडी रेषा कोरलेल्या, आणि वर बघाल तर छताला दगडी बरगड्या आहेत आणि आडव्या कमानी टोकदार. गॉथिक म्हणून जे पुढे गाजलं त्यातलं निम्मं इथे आधीच हजर आहे. मला कुणी इंग्लंडमधली एकच इमारत बघायला सांगितली तर मी डोळे झाकून हीच सांगेन.

प्र. ४. क्रेन नव्हत्या, मग एवढ्या उंचावर दगड कसे नेले?

क्रेन होत्या की, फक्त माणसाच्या पायांवर चालायच्या. मोठं लाकडी चाक, आत एक-दोन माणसं चालतात, दोर गुंडाळला जातो, दगड वर येतो. कँटरबरी कॅथेड्रलच्या बेल हॅरी मनोऱ्यात असं चाक अजूनही जागेवर आहे. त्याच मनोऱ्याची आणखी एक गंमत म्हणजे बाहेरून सगळा दगड दिसतो पण आत पाच लाखांच्या आसपास विटा आहेत, वजन आणि पैसा दोन्ही वाचले.

परांची बहुतेक भिंतीतच अडकवलेली असायची. आडव्या बल्ल्या भिंतीच्या भोकांत बसवायच्या, काम वर सरकलं की बल्ली काढून भोक बुजवायचं. कित्येक ठिकाणी ती भोकं एका रेषेत अजून दिसतात. नकाशेही कागदावर कमी आणि जमिनीवर जास्त. यॉर्कला आणि सॉमरसेटमधल्या वेल्सच्या कॅथेड्रलला गिलाव्याची फरशी आहे, तिच्यावर कमानीचे पूर्ण मापाचे आराखडे ओरखडून काढायचे, त्यावरून साचे कापायचे आणि पाथरवट साचा ठेवून दगड घडवायचा. हिवाळ्यात चुन्याचं काम बंद, अर्धवट भिंतीवर गवत आणि शेण टाकून झाकून ठेवायचे, नाहीतर ओला चुना गोठून फुटतो.

आणि जीव जायचे. कँटरबरीला ११७४ च्या आगीनंतर फ्रान्सहून विल्यम ऑफ सेन्स नावाचा मुख्य गवंडी बोलावला होता. ११७८ मध्ये तो परांचीवरून खाली पडला, काही दिवस पडल्या पडल्या सूचना देत राहिला आणि शेवटी परत गेला. पुढचं काम दुसऱ्या विल्यमने पूर्ण केलं, त्याला विल्यम द इंग्लिशमन म्हणतात. हे सगळं तिथल्याच गर्व्हस नावाच्या साधूने लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला कळतं. बाकी हजारो लोकांची नावं कुठेच नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

प्र. ५. पूर्वीची बांधकामं किती पक्की, आजची बघा कशी पडतात. असं का?

पूर्वीचीही पडायची. पडली ती आपल्याला दिसत नाहीत एवढंच. इली कॅथेड्रलचा मधला मनोरा १३२२ मध्ये कोसळला. लिंकनचं उंच शिखर १५४८ मध्ये वादळात गेलं. वेल्स कॅथेड्रलचा मनोरा उंच केल्यावर एका बाजूला खचायला लागला तेव्हा १३३८ नंतर खाली कैचीसारख्या उलट्या-सुलट्या कमानी घालून तो धरला, आज लोक त्यांचेच फोटो काढतात, पण ती मुळात दुरुस्ती आहे.

सॉल्सबरीचं तर बघितलं की छातीत धडधडतं. चर्च १२२० ते १२५८ या ३८ वर्षांत उभं राहिलं, तेव्हा वर बुटका मनोरा होता. पुढच्या शतकात त्यावर नवा मनोरा आणि शिखर चढवलं, उंची १२३ मीटर, जादा वजन साधारण ६,५०० टन, आणि पाया जेमतेम सव्वा मीटर खोल, खाली वाळूमिश्रित गोट्यांचा थर आणि पाणी. मधले चार खांब त्या ओझ्याने वाकलेत, खाली उभं राहून वर नजर टाकली तर साध्या डोळ्यांना दिसतं. १६६८ मध्ये क्रिस्टोफर रेनने, म्हणजे पुढे लंडनचं सेंट पॉल बांधणाऱ्या आर्किटेक्टने, ओळंबा लावून बघितलं तर शिखराचं टोक पाऊण मीटर कललेलं निघालं. आजही फरशीतलं झाकण उचलून काठी घालून पाण्याची पातळी बघतात, कारण गोटे ओले आहेत तोवर ते घट्ट राहतात.

इलीच्या लोकांनी मात्र पडझडीतून सोनं केलं. मनोरा जिथे पडला तिथे परत तसाच न बांधता आठ कोनी मोकळी जागा सोडली, सुमारे २२ मीटर रुंद, आणि एवढं अंतर दगडाने झाकणं जमणार नाही हे ओळखून विल्यम हर्ली नावाच्या राजाच्या सुताराकडून ओकच्या लाकडाचा कंदील, म्हणजे छपरावरचा खिडक्यांचा मनोरा, करून घेतला. त्यातले आठ उभे खांब प्रत्येकी ६३ फूट. एवढी सरळ झाडं शोधायला देशभर हिंडावं लागलं.

प्र. ६. ती काळी-पांढरी लाकडी घरं नक्की कशाची असतात?

लाकडी सांगाडा आणि मधे कुड. अगदी आपला कुडच, काठ्यांचं विणकाम आणि त्यावर माती, शेण, गवताचा लेप, वरून चुना. वजन सगळं लाकडाने घ्यायचं, कुडाने फक्त वारा अडवायचा.

ओक हिरवा असतानाच वापरायचे, म्हणजे नुकता तोडलेला, कारण वाळलेला ओक इतका कडक होतो की हत्यारं बोथट होतात. सांधा खाच आणि कुसू पद्धतीचा (एका लाकडाचं तासलेलं टोक दुसऱ्याच्या खाचेत), त्यात लाकडी खुंटी, आणि दोन लाकडांतली भोकं मुद्दाम किंचित वर-खाली पाडायची, म्हणजे खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो. पुढे लाकूड वाळत आकसलं की जोड आणखी घट्ट होतो आणि घर थोडं वाकडं होतं. वाकडं दिसतं म्हणून घाबरून जाऊ नका, बहुतेक वेळा ते पहिल्या काही वर्षांतच वाकलेलं असतं आणि नंतर चारशे-पाचशे वर्षं तसंच उभं असतं. अपवाद म्हणजे चेशरचं लिटल मोर्टन हॉल, तिथे वर नंतर एक लांब दालन आणि जड दगडी छप्पर चढवलं आणि त्या वजनाने खालचे मजले खरोखर वाकले.

सांगाडा आधी सुताराच्या आवारात जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर रोमन आकडे कोरायचे, सुटा करून गाडीतून न्यायचे आणि जागेवर परत जोडायचे. मी एकदा एका धान्याच्या कोठारात टॉर्च तिरका धरून या खुणा शोधल्या होत्या. एका तुळईवर आठाची खूण, तिला भिडणाऱ्या आडव्या लाकडावर तीच खूण, छिन्नीचे सपकन मारलेले घाव, आणि चारची खूण चार उभ्या रेघांची. त्यावर बोट फिरवलं की पाचशे वर्षं मधे आहेत असं वाटतच नाही.

प्र. ७. ती लाकडं मुळात काळीच रंगवायचे का? आणि जुन्या जहाजांची असतात हे खरं का?

काळा रंग बहुतेक करून व्हिक्टोरियन काळातली आवड. त्याआधी ओक तसाच सोडायचे, तो रुपेरी करडा होतो, किंवा कुडासकट सगळ्यावर चुना मारायचे.

जहाजांची गोष्ट जवळजवळ प्रत्येक गावात सांगतात आणि जवळजवळ नेहमी खोटी निघते. लाकडात विनाकारण रिकाम्या खाचा दिसतात ना, त्यावरून ती उठते, पण त्या खाचा दुसऱ्या घरातलं लाकूड परत वापरल्याच्या किंवा काढून टाकलेल्या जुन्या भिंतीच्या असतात. समुद्रापासून शंभर मैल आत जहाज कोण ओढत आणणार?

प्र. ८. जुन्या घरांना चिमणी नसायची असं ऐकलं, मग धूर?

मधल्या मोठ्या खोलीत जमिनीवर चूल, वर छप्परापर्यंत मोकळं, धूर कौला-गवतातून आपला आपला बाहेर. सोळाव्या शतकात विटांच्या चिमण्या सर्रास झाल्या, मग त्या खोलीत मधे मजला टाकला गेला. म्हणून जुन्या घराच्या माळ्यावर वासे काजळीने काळे दिसले तर समजा की घर चिमणीच्या आधीचं आहे. ती काजळी कृपा करून घासून काढू नका, तो त्या घराचा जन्मदाखला आहे.

प्र. ९. लंडन सगळं विटांचं कसं झालं? आगीमुळे?

आगीने वेग दिला. रोमन गेल्यावर इंग्लंडमध्ये वीट पाडणं कित्येक शतकं जवळजवळ बंदच होतं, लोक रोमन विटाच उकरून वापरायचे, सेंट ऑल्बन्सचा नॉर्मन मनोरा तशाच विटांचा आहे. मग हळूहळू परत सुरू झालं, आणि ट्यूडर काळात वीट ही श्रीमंतीची खूण झाली, कार्डिनल वूल्सी या बड्या धर्मगुरूचा हॅम्प्टन कोर्ट राजवाडा बघा. सप्टेंबर १६६६ च्या आगीत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्चेस गेली आणि १६६७ च्या कायद्याने ठरलं की नवीन घर वीट किंवा दगडाचंच, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे घराचे ठराविक चार प्रकार. पुढे १७०९ मध्ये खिडकीची चौकट भिंतीत चार इंच आत घ्यायची आणि १७७४ मध्ये तिची लाकडी पेटी (खिडकी सरकवायची वजनं जिच्यात असतात ती) विटांमागे लपवायची असे नियम आले. म्हणजे खिडकी किती आत आहे त्यावरूनही लंडनच्या घराचं वय साधारण काढता येतं, फक्त बाकीच्या गावांत हे नियम उशिरा पोचले किंवा नुसती नक्कल म्हणून पाळले गेले.

प्र. १०. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलचा घुमट आतून छोटा आणि बाहेरून मोठा दिसतो, असं का?

कारण ते तीन वेगवेगळे आहेत. आत उभं राहून जो दिसतो तो एक, शहरातून जो दिसतो तो दुसरा, आणि दोघांच्या मधे विटांचा एक शंकू, जो कुणालाच दिसत नाही आणि सगळं काम तोच करतो. वरचा दगडी कंदील साधारण ८५० टनांचा, त्याचं ओझं हा शंकू घेतो, आणि त्याची जाडी जेमतेम १८ इंच. बाहेरचा घुमट म्हणजे लाकडी सांगाड्यावर शिशाचा पत्रा.

एवढ्या पातळ शंकूला जमतं कसं, तर आकारामुळे. रेनचा मित्र रॉबर्ट हुक याने १६७५ मध्ये मांडलं होतं की साखळी लोंबकळते तो आकार उलटा केला की कमान नुसत्या दाबावर उभी राहते. घरी गळ्यातली चेन दोन बोटांत धरून बघा, लगेच कळेल. तरीही शंकूच्या पायाशी बाहेरचा रेटा उरतोच (प्र. ३ मधलाच), त्यासाठी भोवती लोखंडी साखळी आवळलेली आहे. काम १६७५ ला सुरू झालं आणि वरचा शेवटचा दगड १७०८ ला बसला.

प्र. ११. बंद केलेल्या खिडक्या दिसतात त्या खिडकीवरच्या करामुळे ना?

काही. कर खरा होता, १६९६ ते १८५१, खिडक्या मोजून घ्यायचे आणि लोक खरोखर बुजवायचे. पण कित्येक खिडक्या मुळातच खोट्या आहेत, आत चिमणी किंवा जिना असतो पण बाहेरून मांडणी सारखी दिसायला हवी म्हणून नुसता कोनाडा ठेवलेला. तपासायचं कसं, तर आजूबाजूच्या विटा आणि बुजवलेल्या विटा एकमेकींत गुंफलेल्या असतील तर पहिल्यापासून खोटी. सरळ उभी फट असेल तर नंतर बुजवलेली.

बाथचं रॉयल क्रेसेंटही याच विचारातलं. १७६७ ते १७७४ मध्ये धाकट्या जॉन वुडने ३० घरांचा एकच राजवाडी दर्शनी भाग आखला आणि मागे प्रत्येकाने आपापल्या सोयीने बांधलं. मागच्या गल्लीत जाऊन बघा, काहीच कशाशी जुळत नाही. मला मागची बाजू जास्त आवडते.

प्र. १२. लोखंड कधी आलं? आणि मुंबईच्या सीएसएमटीचा लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनशी काय संबंध?

आयर्नब्रिजचा पूल १७७९ मध्ये उभा राहिला, तीस मीटरचा गाळा, ओतीव लोखंडाचा, पण जोडताना खाच-कुसू, पाचर असे सुतारी सांधे वापरले, कारण लोखंड जोडायची वेगळी रीत अजून कुणी बसवलीच नव्हती. इमारतीत लोखंड आलं ते आगीच्या भीतीने. सूत गिरण्या लाकडी, तेलकट, दिवे उघडे. श्रूझबरीजवळ डिदरिंग्टनला १७९७ मध्ये चार्ल्स बेजने तागासारख्या फ्लॅक्सची गिरणी लोखंडी खांब, लोखंडी तुळया आणि विटांच्या कमानींवर बांधली, पूर्ण लोखंडी सांगाड्याची जगातली पहिली इमारत. आजच्या स्टीलच्या टॉवरांची ही आजी.

सेंट पँक्रासचं १८६८ चं छप्पर बार्लो आणि ऑर्डिश या इंजिनिअरांचं, मधे एकही खांब न घेता ७३ मीटर. कमानीचे पाय बाहेर पसरू नयेत म्हणून प्लॅटफॉर्मखालच्या तुळयाच दोरीसारख्या ओढून धरतात. तळघरातल्या खांबांचं अंतर बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांच्या मापावरून ठरवलं होतं.

आता मुंबई. दोन्ही एकाच आर्किटेक्टची नाहीत. सेंट पँक्रासचं पुढचं हॉटेल जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं आणि सीएसएमटी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं, १८७८ ला काम सुरू झालं, कोरीवकामात जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत. स्कॉटचं मुंबईतलं काम म्हणजे युनिव्हर्सिटीचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर, आणि तो स्वतः भारतात कधी आलाच नाही. पण लोखंडाचं नातं अगदी थेट आहे. काळा घोड्याजवळचं जुनं वॉटसन हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन, त्याच ऑर्डिशने डिझाइन केलं, लोखंडी भाग इंग्लंडमध्ये ओतून बोटीने आणले आणि १८६७ ते १८६९ मध्ये मुंबईत जोडले. त्याची आजची अवस्था बघून माझा जीव तुटतो.

प्र. १३. चुना चुना काय लावलंय, सिमेंट जास्त मजबूत नाही का?

जास्त कडक आहे, आणि तीच अडचण आहे.

चुनखडी ९०० अंशांच्या आसपास भाजली की कळीचा चुना, तो पाण्यात विरवला की लोण्यासारखा होतो, वाळूत मिसळून लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्‌महिने हळूहळू परत दगड होत जातो. हा सांधा विटेपेक्षा मऊ राहतो. घर थोडं हललं तर सांधा केसभर सरकतो, वीट फुटत नाही. आणि भिंतीतलं पाणी सांध्यातून बाहेर निघून जातं. सिमेंट (पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ अ‍ॅस्पडिनने लीड्समध्ये १८२४ ला घेतलं, घरांच्या सांध्यांत सर्रास यायला पुढचं शतक उजाडलं) पाणी सोडत नाही आणि हलतही नाही. मग पाणी विटेतून निघतं, हिवाळ्यात विटेतच गोठतं, फुगतं आणि विटेचं तोंड उडवतं.

हे मी माझ्याच घरात भोगलंय. आमचं घर १८९० च्या दशकातलं, लंडनबाहेरचं साधं रांगेतलं घर. घेतलं तेव्हा आधीच्या कुणीतरी पुढच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या फटी, सिमेंटने भरलेल्या होत्या, दिसायला चकाचक. तीन हिवाळ्यांनंतर सकाळी दारासमोर विटांच्या कपच्या पडलेल्या मिळायला लागल्या, नखाएवढ्या, एका बाजूला जुना लाल तकाकीचा थर आणि दुसऱ्या बाजूला भुसभुशीत. भिंतीजवळ जाऊन बघितलं तर सिमेंटच्या दर्जा जाळीसारख्या पुढे उभ्या आणि विटा मागे सरकलेल्या. सगळं उलटं झालं होतं. एक अख्खा उन्हाळा छिन्नीने सिमेंट काढण्यात गेला, ग्राइंडर लावला तर विटेच्या कडा जातात म्हणून हातानेच, मग चुन्याने दर्जा भरल्या आणि उन्हाने पटकन वाळू नयेत म्हणून ओल्या गोणपाटाने झाकल्या. ज्या विटांची तोंडं गेली त्या गेल्याच. त्या परत येत नाहीत, म्हणून एवढं कळकळीने सांगतोय की जुन्या विटेला सिमेंट लावू देऊ नका.

प्र. १४. घरात ओल येतेय, भिंतीत केमिकलचं इंजेक्शन देऊन घ्या म्हणतात. घेऊ का?

आधी बाहेर जाऊन बघा. फुटलेलं पन्हाळ, तुंबलेला पाइप, भिंतीलगत वर्षानुवर्षं चढलेली माती किंवा फरशी. माझ्या अनुभवात बहुतेक ओल यातली असते. दुसरं कारण सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक पेंट (प्र. १३). तिसरं, घरातलीच वाफ, बंद केलेल्या चिमण्या आणि कधीच न उघडणाऱ्या खिडक्या. भिंतीतून खालून चढणारी ओल असते, पण सांगतात तेवढी नसते. सर्व्हे करणारा आणि इंजेक्शन विकणारा एकच माणूस असेल तर दुसरा स्वतंत्र सर्व्हे करून घ्या, फी द्यावी लागली तरी.

प्र. १५. माझी भिंत भरीव आहे की मधे पोकळी आहे, न फोडता कसं कळेल?

बाहेरून विटांची मांडणी बघा. विटेची आखूड तोंडं अधूनमधून दिसत असतील तर भिंत भरीव, ती तोंडं म्हणजे आरपार गेलेल्या विटा. सगळ्या लांब बाजूच दिसत असतील तर बहुधा पोकळी आहे, अशा भिंती १९२० नंतर सर्रास झाल्या.

अपवाद दोन. काही पोकळ भिंतींतही शोभेसाठी अर्ध्या विटा लावून जुनी मांडणी दाखवतात. आणि लंडनच्या जॉर्जियन घरांत उलटी लबाडी असते, पुढे चांगल्या विटांचा पातळ थर, मागे स्वस्त विटा, आणि आखूड तोंडं ही अर्धीच तोडलेली, आत कशात गुंफलेलीच नाहीत. मग पुढचा थर पोटासारखा फुगतो. फुगवटा दिसला तर आधी इंजिनिअर, मग ऑफर.

प्र. १६. लिस्टेड (सरकारी वारसा यादीतलं, कायद्याने जपलेलं) घर घ्यावं का? फक्त बाहेरचं जपायचं असतं ना?

आतलंही. जिना, दारं, फळ्यांची जमीन, गिलावा, सगळं, ग्रेड कुठलीही असो. इंग्लंडमध्ये साधारण चार लाख नोंदी आहेत, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टू, अडीच टक्के ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या. आवारातली १ जुलै १९४८ च्या आधीची शेड किंवा कुंपणाची भिंतही बहुतेक वेळा यात मोडते. स्कॉटलंडमध्ये ए, बी, सी अशा वर्गवाऱ्या आणि कायदा वेगळा, तिथल्या घराला इंग्लंडचे नियम लावू नका.

घ्यावं का, तर मनापासून आवडत असेल तर जरूर घ्या, पण दुरुस्तीला वेळ आणि पैसा जास्त लागतो हे धरूनच.

प्र. १७. आधीच्या मालकाने परवानगी न घेता भिंत पाडली असेल तर माझा काय दोष?

गुन्हा ज्याने केला त्याचा, पण पूर्ववत करायची नोटीस आजच्या मालकाला येऊ शकते आणि लिस्टेड इमारतीत त्याला काळाची मर्यादा नाही. म्हणून घेण्याआधी वकिलाकडून जुन्या परवानग्या मागवा आणि लिस्टिंगमधलं वर्णन हातात घेऊन घर फिरा. वर्णनात नसलेली गोष्टही संरक्षितच असते हे लक्षात ठेवा, वर्णन ही यादी नव्हे.

प्र. १८. जळून परत बांधलेली इमारत जुनी म्हणायची की नवी?

यावर इथे दीडशे वर्षं वाद चालू आहे. व्हिक्टोरियन लोक जुनं खरवडून मूळ रूप म्हणून नवीनच करायचे, त्याला विरोध म्हणून लेखक-डिझायनर विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायची संस्था काढली, म्हणणं एकच, जमेल तेवढी दुरुस्ती करा, खोटं जुनं बनवू नका. मी त्याच बाजूचा. पण राजघराण्याचा विंडसर किल्ला बघून माझं मत थोडं मऊ झालं. १९९२ च्या आगीत सेंट जॉर्जेस हॉलचं छप्पर गेलं, तेही काही मध्ययुगीन नव्हतंच, तर जुनी नक्कल न करता नवीनच आराखडा केला आणि बांधलं मात्र हिरव्या ओकमध्ये, खाच, कुसू, खुंटी (प्र. ६). १९९७ पर्यंत पूर्ण. त्या कामामुळे सुतारांची एक पिढी ही विद्या हाताने शिकली.

प्र. १९. लंडनमध्ये एकच दिवस मोकळा आहे, काय बघू?

सकाळी वेस्टमिन्स्टर हॉल. भिंती १०९७ च्या सुमाराच्या, वरचं ओकचं छप्पर १३९० च्या दशकातलं, ह्यू हर्लंड सुताराचं, २० मीटरहून जास्त रुंदी आणि मधे एकही खांब नाही. मग सेंट पॉल, पायऱ्या चढून वर. आणि परतीची फ्लाइट हीथ्रोवरून असेल तर दोन तास आधी निघून हार्मंड्सवर्थचं कोठार गाठा, १४२६ मधलं, ५८ मीटर लांब, बहुतांश लाकूड मूळचं. उन्हाळ्यात ठराविक रविवारीच उघडतं, निघण्याआधी तारीख तपासा. आत गेल्यावर दोन मिनिटं काही न बोलता मधे उभे राहा आणि मान वर करून एकेक तुळई कुठे टेकलीय ते बघत खाली या, थेट दगडी बैठकीपर्यंत. टॉर्च घेऊन जा, खुणा दिसतील.